कास्तेलोरिझोचा उत्तरार्ध

बळवंतराव रिसबुडांना कास्तेलोरिझो बेटाचा दगडन् दगड पाठ होता, आणि त्यातल्या एकाही दगडाला त्यांचा पाय लागलेला नव्हता. ही गोष्ट कॅनडातल्या कोक्विटलाम गावातल्या निम्म्या मराठी घरांना माहीत होती. उरलेल्या निम्म्यांना माहीत नव्हती, कारण त्यांची आणि बळवंतरावांची गाठ अजून पडायची होती.

त्यांच्या पत्नीला, उमाताईंना, मात्र हे बेट दूध तापत असताना, कपडे वाळत असताना आणि सिग्नलला गाडी थांबलेली असताना ऐकून ऐकून तोंडपाठ झालं होतं. बेट ग्रीसचं, पण ग्रीसपासून इतकं लांब, की नकाशावाले त्याला बिचाऱ्याला कोपऱ्यात वेगळी चौकट करून बसवतात. तुर्कस्तानचा किनारा तेवढा जेमतेम दोन किलोमीटरवर. बेटाची लांबी सहा किलोमीटर, रुंदी तीन. नदी नाही, ओढा नाही, पावसाचं पाणी टाक्यांत साठवून वर्ष काढायचं. वस्ती पाचशेच्या आसपास. "म्हणजे आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला जेवायला येतात, त्याहून कमी," असं बळवंतराव प्रत्येक वेळी सांगत आणि प्रत्येक वेळी स्वतःच हसत.

खरं तर बेट शोधलं होतं उमाताईंनी. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, दोन स्टेंट बसले, आणि नंतरच्या तपासणीला डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत बसल्या असताना एक जुनं मासिक हाती आलं. त्यात निळ्या गुहेचा फोटो होता. गुहेचं तोंड इतकं ठेंगणं, की होडीत आडवं झोपल्याशिवाय आत जाता येत नाही. आणि आत गेलं की खालून पाणी पेटल्यासारखं निळं. उमाताईंनी ते पान हळूच फाडून पर्समध्ये घातलं. आयुष्यात केलेली त्यांची ही पहिली चोरी.

"अहो, इथे जाऊ या," त्या घरी येऊन म्हणाल्या.

"जाऊ या की," बळवंतराव म्हणाले. "पण नीट अभ्यास करून."

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. बळवंतराव पुलांचे इंजिनियर. एकाहत्तर साली इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत हिशेब तीनतीनदा तपासल्याशिवाय त्यांनी कुठल्याही पुलावर सायकलसुद्धा जाऊ दिली नाही. फार चांगली सवय. त्यांचे पूल अजून उभे आहेत. पण पुलाला कुठे जायचं नसतं, बायकोला असतं, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

पहिल्या वर्षी ऱ्होड्स या मोठ्या बेटाहून सुटणाऱ्या बोटीच्या वेळापत्रकाचा भरवसा वाटेना. दुसऱ्या वर्षी वाऱ्यांचा अभ्यास निघाला, तो काही वर्षं चालला. मग कोविड आला, त्याला कोण काय करणार? कोविड गेला, तर पायऱ्या आल्या. गावामागच्या कड्यावर एक पांढरी वाट नागमोडी चढत जाते. तिच्या पायऱ्या एका पुस्तकात चारशे लिहिल्या होत्या, दुसऱ्यात चारशे एक. बळवंतरावांनी बेटाच्या नगरपालिकेला पत्र लिहिलं. उत्तर ग्रीकमध्ये आलं. मग बळवंतराव ग्रीक शिकायला बसले.

"बाबा, इट्स ॲन आयलंड, नॉट अ पीएचडी," वॉटर्लूहून मुलगा नील फोनवर म्हणाला.

"अरे, पण एक पायरी गेली कुठे?" बळवंतराव म्हणाले.

गेल्या दिवाळीत उमाताई पंचाहत्तरच्या झाल्या. वाढदिवसाला बळवंतरावांनी त्यांना बेटाचा समोच्चरेषांचा नकाशा फ्रेम करून दिला. उमाताईंनी तो भिंतीला टेकवून ठेवला आणि त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. त्या चिडल्या की भांडत नाहीत, फक्त आमटीत गूळ घालायचं बंद करतात. चौथ्या दिवशी बळवंतराव शरण आले.

योगायोगाने त्याच आठवड्यात ज्येष्ठांच्या कट्ट्याचे अध्यक्ष प्रतापराव सरनोबत यांचा फोन आला. मार्चमध्ये एक व्याख्यान हवं होतं. विषय: कास्तेलोरिझो, भूगोल, इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळं. बळवंतरावांनी फोन ठेवला आणि उमाताईंसमोर येऊन उभे राहिले.

"हे भाषण झालं ना उमा, की अभ्यास संपला. मेमध्ये निघू. माझा शब्द."

बळवंतराव शब्द द्यायला फार कचरत, पण दिलेला मोडत नसत. पन्नासपेक्षा जास्त वर्षांच्या संसारात उमाताईंना हे पक्कं माहीत झालं होतं. त्या दिवशी आमटी गोड झाली. मैत्रीण सुनंदा हिला त्यांनी लगेच फोन केला आणि स्वतः ग्रेवालबाईंच्या ट्रॅव्हल एजन्सीत जाऊन चौदा मेची दोन तिकिटं धरून ठेवायला सांगितली. ग्रेवालबाई म्हणाल्या, व्याख्यानाच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत ठेवते, त्यापुढे नाही. उमाताई म्हणाल्या, बास झालं, तोवर अभ्यास संपलेला असेल.

प्रतापरावांनी आभारप्रदर्शनही उमाताईंच्याच गळ्यात घातलं. आपल्याकडे ज्याला कुठलंच काम द्यायचं राहिलं असेल, त्याला आभार देतात. ऐकत कोणी नसतं. आभार सुरू झाले की लोक खुर्च्या मागे सरकवून वड्यांच्या दिशेला बघू लागतात.

शनिवारी दुपारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली. बाहेर नेहमीचा पाऊस. दाराशी छत्र्यांचा ढीग. मागच्या टेबलावर सुनंदाताईंनी बटाटेवड्यांचे ट्रे फॉइलने झाकून ठेवले होते. उमाताई पहिल्या रांगेत बसल्या. त्यांच्या शेजारी साक्षी होती, त्यांच्या बेसमेंटमध्ये राहणारी सांगलीची मुलगी. कॉलेज, नोकरी आणि पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची काळजी यांतून वेळ काढून ती आली होती, आणि खरं सांगायचं तर वड्यांसाठी आली होती.

बळवंतरावांनी सुरुवात भूगोलाने केली आणि सगळ्यांना वाटलं, आता चांगली डुलकी काढता येईल. मागच्या महिन्यात 'मधुमेह आणि आपण' या विषयावर अर्धा हॉल घोरला होता. पण आज कोणी झोपलं नाही. बळवंतरावांनी बंदर असं काही उभं केलं, की लोकांना पाण्यावर हलणाऱ्या होड्या दिसू लागल्या. काठाला रंगीत घरांची रांग, लाकडी सज्जे, आणि होड्यांच्या मधून आरामात पोहणारी मोठाली कासवं. डोंगराच्या कपाळावर जुना तांबूस किल्ला. किल्ल्याखाली खडकात कोरलेलं थडगं, चोवीसशे वर्षांपूर्वीचं, त्याला दोन्ही बाजूंनी खांब कोरलेले.

मग इतिहास निघाला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या चिमुकल्या बेटावर आठ-दहा हजार माणसं होती. गलबतांचा व्यापार होता, पैसा होता. मग मालक बदलत गेले. तुर्क गेले, फ्रेंच आले, फ्रेंच गेले, इटालियन आले, दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आले. बाँब पडले, माणसं परागंदा झाली, मागे गाव जळून गेलं. युद्ध संपल्यावर बेट ग्रीसला मिळालं, तोवर बहुतेकांनी ऑस्ट्रेलिया गाठला होता.

"पण त्यांची नातवंडं दर उन्हाळ्यात येतात," बळवंतराव म्हणाले. "आजोबांचं घर शोधतात, दार रंगवतात, महिनाभर राहतात आणि परत जातात."

 इथे बसलेल्या प्रत्येकाचं कुठे ना कुठे एक दार होतं. उमाताईंना नवऱ्याचा अभिमान वाटला. असं बोलता येणाऱ्या माणसाने अकरा वर्षं पायऱ्या मोजत बसावं, याचा रागही आला.

शेवटी गुहा आली. उमाताईंनी डोळे मिटले. होडीवाला म्हणतो, झोपा. सगळे आडवे होतात. डोक्याच्या वर वीतभर अंतरावरून खडक सरकत जातो. मग एकदम मोकळं. मेच्या चौदा तारखेला निघायचं, अठराला आपण तिथे, त्यांनी मनात मोजलं.

टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा, बळवंतराव म्हणाले. कोणी हवामान विचारलं, कोणी तिथे शाकाहारी मिळतं का ते विचारलं. दोन्हींची उत्तरं तयार होती, दुसऱ्याचं तर तक्त्यासकट. मग साक्षीने हात वर केला.

"काका, मला एक सांगा, तिथे सकाळी उठल्यावर वास कसला येतो?"

बळवंतरावांनी वही चाळली. चार वह्या होत्या, चारही चाळल्या.

"याबाबत माहिती उपलब्ध नाही," ते शेवटी म्हणाले.

लोक हसले. बळवंतरावही हसले, पण चष्मा पुसत. तेवढ्यात प्रतापराव माइककडे आले आणि त्यांनी सगळा खेळ बिघडवला. वाईट हेतूने नाही. कौतुक करायला आले होते.

"बळवंतराव, कमाल केलीत!" ते म्हणाले. "घरबसल्या बेट फिरवून आणलंत आम्हाला. ना व्हिसा, ना विमान, ना गुडघेदुखी! मंडळी, आता तिकडे जायची गरजच उरली नाही!"

आपल्या लोकांत प्रवासावर बोलणाऱ्याला याहून मोठी पावती नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला. उमाताईंचे हात मांडीवरच राहिले.

"आणि एवढ्यावर सोडणार नाही आम्ही," प्रतापराव पुढे म्हणाले. "मध्ययुगाला तर तुम्ही हातच लावला नाहीत. पुढच्या मार्चमध्ये याचा उत्तरार्ध झालाच पाहिजे. काय मंडळी?"

मंडळी 'हो हो' म्हणाली. बळवंतरावांचा चेहरा खुलला. अगदी ओझं उतरल्यासारखा खुलला, आणि ते उमाताईंनी बरोबर टिपलं.

"खरं आहे," बळवंतराव म्हणाले. "मध्ययुगाचा अभ्यास अपुरा आहे. वर्षभर तरी लागेल. करू या उत्तरार्ध."

झालं. साठ माणसांसमोर शब्द मोडला, आणि मोडला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. किंवा आलं असेल. ते उमाताईंकडे सोडून हॉलमध्ये सगळीकडे बघत होते.

"आता आभारप्रदर्शन, सौ. उमाताई रिसबूड," प्रतापराव म्हणाले, आणि खुर्च्या सरकल्या.

उमाताई माइकपाशी गेल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. हातातल्या कागदावर नावं होती. त्यांनी हॉल देणाऱ्यांचे आभार मानले, प्रोजेक्टर लावून देणाऱ्यांचे मानले, वड्यांसाठी सुनंदाचे मानले. फॉइल उघडल्याचा आवाज आला. निम्मे लोक उभे राहिले होते. मग उमाताईंनी कागदाची घडी घातली.

"आजच्या वक्त्यांचे आभार मी जरा सविस्तर मानणार आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला दीड तासात बेट दाखवलं. मला अकरा वर्षं दाखवतायत. त्यामुळे तुमच्यापेक्षा जास्त आभार मला मानायला हवेत."

लोक हसले. सुनंदाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी हातातला वडा ट्रेमध्ये परत ठेवला.

"प्रतापराव म्हणाले, आता जायची गरज उरली नाही. त्यांची नसेल उरली. माझी आहे. मला भूगोल नको, इतिहास नको. मला त्या होडीत आडवं झोपायचंय. चौदा मेचं तिकीट मी धरून ठेवलंय, सहापर्यंत ते पक्कं करायचं आहे. दोन धरली होती. आता एक करते. आणि पुढच्या मार्चला ह्यांचा उत्तरार्ध होईल तेव्हा, साक्षी, तिथे सकाळी वास कसला येतो ते मी तुला उभी राहून सांगेन. चहा गार होतोय, सगळ्यांनी घ्या. धन्यवाद."

एकही माणूस चहाकडे गेला नाही. आभार इतक्या लक्षपूर्वक कट्ट्याने याआधी कधी ऐकले नव्हते. प्रतापराव हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत पुढची बाब शोधू लागले, पण पुढे काही नव्हतंच. उमाताईंना छातीत धडधडलं. दुखण्याची धडधड कशी असते ते त्यांना चांगलं माहीत होतं. ही तसली नव्हती. आपण हे सगळं खरंच बोललो, याची होती.

"अध्यक्ष महाराज," बळवंतराव उभे राहिले. "मला एक खुलासा करायचा आहे."

"करा, करा," प्रतापराव घाईने म्हणाले.

बळवंतरावांनी चौथी वही उघडली. 

"पान एकोणीस. हे मी आज वाचून दाखवलं नाही. बेटावरून मोठं हॉस्पिटल ऱ्होड्सला. अंतर सव्वाशे किलोमीटर. मध्ये समुद्र. वारा असेल तर हेलिकॉप्टर उडतं का, उडालं तर किती वेळात पोचतं, याची खात्रीची माहिती मला अकरा वर्षांत मिळालेली नाही." त्यांनी वही मिटली. "हिला आत नेलं, तेव्हा मला दोन तास बाहेर बसवलं होतं. हॉस्पिटल आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. तरीही ते दोन तास माझ्याच्याने निभले नाहीत. आणि हिला जायचंय कुठे, तर असल्या ठिकाणी. पायऱ्या चारशे आहेत की चारशे एक, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. मला भीती वाटत होती. एवढंच. खुलासा संपला."

ते खाली बसले.  या माणसाला आपण अकरा वर्षं हट्टी म्हटलं, चिकित्सेखोर म्हटलं, एकदा रागाच्या भरात निर्दयसुद्धा म्हटलं होतं. त्यांना त्याची कीव आली, मायाही आली, आणि मग त्या दोन्हींच्या वरताण राग आला.

"मग हे अकरा वर्षांत घरी एकदाही सांगता आलं नाही?" त्यांनी विचारलं. माइक चालूच होता.

"घरी अध्यक्ष नसतात," बळवंतराव म्हणाले. "घरी तू असतेस."

प्रतापरावांना ठसका लागला. मागून कोणीतरी टाळी वाजवायला घेतली आणि मध्येच थांबवली.

"हे बघा," उमाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता माइकला न पेलण्याइतका चढला होता. "हृदय माझं आहे. ते बंद पडायचं असेल तर इथे कॉस्टकोच्या पार्किंगमध्येही पडेल. दर मंगळवारी सुनंदाबरोबर क्रंचच्या टेकडीच्या पायऱ्या चढते मी. चारशेच्या वर आहेत त्या, आणि वर पोचून मला धाप लागत नाही, भूक लागते. डॉक्टरांनी खुशाल जा म्हणून सांगितलंय. विचारलंत कधी त्यांना? ग्रीक शिकलात, पण डॉक्टरांना एक फोन केला नाहीत!"

"ते नाही म्हणाले असते तर?" बळवंतराव हळू आवाजात म्हणाले. "मलाच तुला ते सांगायला लागलं असतं."

हे मात्र उमाताईंना अनपेक्षित होतं.  साठ माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि त्या एकाच माणसाकडे बघत होत्या. या माणसाने त्यांना कुठल्याच गोष्टीला नाही म्हणायचं नव्हतं, म्हणून अकरा वर्षं हो म्हणायचंही टाळलं होतं. असला वेडगळ हिशेब पुलांच्या इंजिनियरलाच सुचावा.

बळवंतराव पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांनी अध्यक्षांची परवानगी मागितली नाही.

"दुसरं तिकीट सोडलंस का?"

"अजून नाही."

"मी आलो तर चालेल का?"

इतक्या वर्षांत बळवंतरावांनी पुष्कळ ठिकाणी नेलं होतं. अलास्का, बॅन्फ, नायगारा. प्रत्येक वेळी 'निघायचंय' असं सांगितलं होतं. चालेल का, असं पहिल्यांदा विचारलं ते आज. उमाताईंनी पदराने डोळे टिपले आणि तो पदर तसाच खांद्यावर टाकला.

"भीती वाटेल तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"वाटणारच. सगळा वेळ वाटेल."

"मग पुढे मी चालेन. तुम्ही मागून घाबरत या."

त्यांनी पर्समधून फोन काढला आणि तिथेच, चालू माइकसमोर, नंबर लावला. पलीकडे ग्रेवालबाईंनी उचलला.

"हां जी, मैं उमा रिसबूड बोल रही हूँ," उमाताई म्हणाल्या, आणि त्यांचं मराठी वळणाचं हिंदी हॉलभर घुमलं. "वो चौदा मई वाला पक्का कर दीजिए. नहीं जी, एक नहीं. दोनों."